नोटीस मोबाईलने लिहिली, तर चालते का?

प्रश्न : आम्ही मानपाड्यात तीन वर्षं भाड्याने राहिलो आणि गेल्या महिन्यात घर सोडलं. करार माझ्या नावावर होता. अनामत पंचाहत्तर हजार दिली होती. आता मालक म्हणतात, रंगकाम आणि दुरुस्तीत ती सगळी संपली. कल्याणला एका वकिलांकडे गेले, तर त्यांनी नुसत्या नोटिशीचे चार हजार सांगितले. रात्री जेवणं झाल्यावर मुलीने मोबाईलवरच्या एआयला सगळी हकिगत सांगितली आणि पाच मिनिटांत दोन पानी नोटीस तयार झाली, तीही मराठीत! सोबत पाठवत आहे. ही आम्हीच पाठवली तर चालते का? आणि हे काम असं फुकट होत असेल, तर आमच्यासारख्यांनी वकिलाकडे जायचं कशाला?
एक वाचक, मानपाडा

उत्तर : ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांच्या पोटात तिसरा आहे. नोटीस स्वतः पाठवता येते का, हा पहिला. वकील कशाला, हा दुसरा. आणि या दोन पानांत लिहिलंय ते खरं आहे का, हा तिसरा. तो तुम्ही विचारलेला नाही, पण माझा सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : हो, पाठवता येते. नोटीस वकिलाच्याच लेटरहेडवर असावी लागते हा फार पसरलेला समज आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे दुसऱ्याच्या वतीने वकिली करण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वकिलांनाच आहे. पण आपले पैसे आपण मागायला, किंवा आपला दावा आपण स्वतः उभं राहून चालवायला कोणाची आडकाठी नाही. काय मागितलंय, कशाच्या आधारावर आणि किती दिवसांत द्यायचं, हे स्पष्ट असलं आणि कागद पोचल्याचा पुरावा असला की झालं. वाक्यं कुणी जुळवली, हे कोर्ट विचारत नाही. खाली सही कुणाची आहे, हे मात्र विचारतं. कारण वरच्या प्रत्येक ओळीची जबाबदारी त्या सहीवर येते.

आता मसुद्याकडे वळू. आधी त्यातलं चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. घर कधी घेतलं, करार किती वेळा वाढवला, किल्ल्या कोणत्या दिवशी परत दिल्या, मालकाने व्हॉट्सॲपवर काय लिहिलं, हे सगळं तारखेच्या क्रमाने मांडलंय. पहिल्या दिवसापासूनची तक्रार सांगताना आपण सगळे मागे-पुढे होतो, रागाने आधी शेवट सांगतो. मुलीने तसंच सांगितलं असणार, आणि यंत्राने त्यातून सरळ धागा काढला.

वकिलाची फी कशाची असते, ते पाहिलं की यातली बचत कळते. तुमची हकिगत ऐकून घेणं, कागद वाचणं, त्यातून कामाचं तेवढं वेचणं, कायद्याशी जोडणं, मसुदा लिहिणं, टाइप करून घेणं आणि पुढे गरज पडली तर तुमच्यासाठी कोर्टात उभं राहणं, अशी ही लांबलचक साखळी आहे. यातलं ऐकणं, वेचणं आणि पहिला मसुदा लिहिणं, या तीन कामांचा वेळ यंत्राने जवळजवळ शून्यावर आणला. वेळ गेला की त्याचे पैसेही जातात. म्हणून कायद्याची मदत स्वस्त होऊ लागली आहे, आणि ही बोलायची गोष्ट नाही, तुमच्या स्वयंपाकघरातच ती घडली. पण उरलेल्या साखळीला, एक कडी सोडली तर, यंत्राने हात लावलेला नाही. ‘कायद्याशी जोडणं’ या कडीला त्याने हात लावला, आणि तिथेच मसुदा घसरला.

तुमच्या नोटिशीत लिहिलंय की ‘आदर्श भाडेकरू कायदा, २०२१’प्रमाणे दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेणं बेकायदेशीर आहे. दोन महिन्यांची मर्यादा त्या आदर्श कायद्यात आहे, हे खरं. पण केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला तो नमुना आहे. घरभाडं हा राज्याचा विषय असल्यामुळे राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. मालकाच्या वकिलाने पहिलीच ओळ खोडली असती आणि पुढच्या खऱ्या ओळींवरचा विश्वासही तिथेच संपला असता.

पुढे ‘भादंवि कलम ४२० खाली गुन्हा दाखल करण्यात येईल’ अशी धमकी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. आकडा बदलून भागत नाही, कारण अडचण त्याहून खोल आहे. घेतलेली अनामत परत न देणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. बरेच लोक अशा वेळी आधी मानपाडा पोलीस ठाण्याची पायरी चढतात आणि ‘हा दिवाणी वाद आहे’ हे ऐकून हिरमुसून परततात. पोलिसांनी टाळलं असं त्यांना वाटतं, पण बहुतेक वेळा ते उत्तर बरोबरच असतं.

तिसरी चूक मला सर्वांत शिकवणारी वाटली. मसुद्यात म्हटलंय की पैसे न मिळाल्यास ‘मुंबई येथील लघुवाद न्यायालयात’ दावा दाखल होईल. तुम्ही पत्ता लिहिताना फक्त मानपाडा लिहिलंत. मानपाडे दोन आहेत : एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, चितळसर-मानपाडा म्हणतात तो, दुसरा डोंबिवली पूर्वेचा, ज्याच्या नावाचा रस्ता आणि पोलीस ठाणं आहे. तुम्ही वकिलांसाठी कल्याणला गेलात, त्यावरून मी तुम्हाला डोंबिवलीच्या धरलं. यंत्राने मात्र दोन्ही मानपाडे सोडून थेट मुंबई गाठली. का? घरभाड्याच्या वादांवर इंटरनेटवर जे लिहिलं गेलंय, त्यात मुंबईचा वाटा मोठा असणार. यंत्र जे जास्त वाचतं, तेच त्याला संभाव्य वाटतं. डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या घराचा असा वाद कल्याणच्या दिवाणी न्यायालयाकडे जातो, ठाण्याच्या मानपाड्यातला असता तर ठाण्याला गेला असता.

यावरून हे यंत्र काय करतं, याची कल्पना येईल. त्याच्या पोटात कायद्याची पुस्तकं कपाटात लावून ठेवलेली नाहीत. अफाट मजकूर वाचून, या शब्दानंतर कोणता शब्द यायचा संभव जास्त, हे ते शिकलंय. नोटिशीची भाषा कशी असते, हे त्याला नेमकं माहीत आहे, कारण तो साचा हजारो ठिकाणी सारखाच येतो. पण अमुक कलम आज, महाराष्ट्रात, तुमच्या करारापुरतं लागू आहे का, हा साच्याचा प्रश्न नाही. आणि उत्तर ठाऊक नसलं तरी वाक्याचा सूर तितकाच ठाम राहतो. माणूस अडखळला की आपल्याला शंका येते, यंत्र अडखळत नाही.

म्हणूनच मसुद्याच्या शेवटी दिलेला मुंबई उच्च न्यायालयाचा ‘निकाल’ मी शोधला. दोन्ही पक्षकारांची नावं, वर्ष, सगळं झोकात दिलेलं आहे, पण असा निकाल उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाही. तुमच्या मुलीने यात काही चुकीचं केलं असं मुळीच मानू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन अनुभवी वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि ५,००० डॉलर दंड भरला. आपल्याकडे तर खुद्द आयकर खात्याच्या एका आकारणी आदेशात अस्तित्वातच नसलेले निकाल आधार म्हणून आले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आदेश रद्द करून प्रकरण नव्याने विचारासाठी परत पाठवलं, आणि एआयने दिलेली उत्तरं तपासल्याशिवाय वापरू नयेत असं बजावलं. शिकलेली, पगारी, जबाबदार माणसं जिथे फसली, तिथे रात्री भांडी आवरून बसलेली शाळा-कॉलेजातली मुलगी फसली, तर त्यात नवल नाही.

तपासायची सोय मात्र आता खरोखर फुकट आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल जानेवारी २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर कुणालाही विनाशुल्क वाचता येतात. पूर्वी यासाठी महागडी ग्रंथमाला घेणाऱ्या वकिलाचं कपाट लागायचं.

‘ई-एससीआर’वरचे बरेच निकाल मराठीतही आहेत, आणि इथे एआयचा दुसरा, कमी दिसणारा उपयोग समोर येतो. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजी. म्हणजे खाली मराठीत लढलेल्या माणसाला वरचा आपलाच निकाल दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो. हे अंतर भरायला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ नावाची अनुवाद-प्रणाली आणली. तिचा अनुवाद माणसं तपासतात, आणि मूळ इंग्रजी मजकूरच अधिकृत राहतो. तपासावा का लागतो, याचा एक किस्सा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच जाहीरपणे सांगितला आहे : ‘लीव्ह ग्रँटेड’, म्हणजे अपील करायला अनुमती दिली, या दोन शब्दांचा अर्थ यंत्राने ‘सुट्टी मंजूर’ असा लावला. तुमच्या कराराला आपण सगळे ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतो, त्यातला ‘लिव्ह’ही तोच, सरकारी मराठीत त्याला ‘अनुमती व परवाना’ म्हणतात. एका शब्दाने घर सुट्टीवर जाऊ शकतं!

सुनावणीतलं बोलणं लगेच लिहून काढण्यासाठीही सर्वोच्च न्यायालय एआय वापरतं. त्याची सुरुवात २१ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली, तीही महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या, शिवसेनेच्या प्रकरणात. घटनापीठापुढचा तो युक्तिवाद घरबसल्या वाचता आला, हीसुद्धा न्याय जवळ येण्याचीच गोष्ट आहे. यंत्र निकाल देतं का, असं काही वाचक घाबरून विचारतात. देत नाही. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये धोरण करून आपल्या जिल्हा न्यायालयांना सांगितलं की निष्कर्ष, दिलासा, आदेश यांपैकी काहीही एआयकडून ठरवून घ्यायचं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न : मग वकील कशाला? अमेरिकेत एका कंपनीने नेमकं हेच विकायला काढलं होतं. ‘जगातला पहिला रोबो वकील’ अशी तिची जाहिरात होती. २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली, कारण हा रोबो माणूस वकिलाइतकं काम करतो का, हे कंपनीने कधी तपासलंच नव्हतं. तिला १,९३,००० डॉलर भरावे लागले.

पण मला दूरचं उदाहरण पुरेसं वाटत नाही, कारण जवळचं फार दुखरं आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींची गोष्ट तुमच्या घरात बोलली गेलीच असेल. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली, त्या क्रमांकाच्या भरवशावर लोकांनी घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची कमाई घालून बसलेल्या कुटुंबांचे ते चेहरे डोळ्यांपुढून जात नाहीत. समजा, त्यांतल्या एखाद्या घराची कागदपत्रं आजच्या एआयला दाखवली असती. नोंदणी क्रमांक आहे, बांधकाम परवानगी आहे, शिक्का आहे, सगळं व्यवस्थित आहे, असंच ते म्हणालं असतं, कारण कागदावर ते होतंच. कागद खरा आहे का, हे कागद वाचून कळत नाही. त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन मूळ नोंद बघावी लागते, जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढावा लागतो, आणि कुणीतरी शंका घ्यावी लागते. चांगल्या वकिलाला आपण पैसे देतो ते या शंकेचे. घर विकत घेण्याच्या वेळी ती फी वाचवू नका, एवढं मी हात जोडून सांगेन.

पंचाहत्तर हजारांच्या अनामतीसाठी मात्र चार हजार देण्याची तुम्हाला गरजच नाही, आणि त्याचं कारण एआय नाही. कारण १९८७ पासून कायद्यात लिहिलेलं आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमाप्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना, कारखान्यातल्या कामगारांना आणि कोठडीतल्या माणसांना आहे. यांच्यासाठी मिळकतीची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. ‘ते गरिबांसाठी असतं’ असं समजून तुमच्यासारख्या कित्येकजणी त्या दारावरून पुढे जाऊन फी मोजतात. करार तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही महिला आहात, एवढं पुरे. कल्याण न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि दावा करण्याआधीचा सल्ला ‘टेली-लॉ’च्या १४४५४ वर मिळतो. समितीमार्फतच प्रकरण दाव्याआधी लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे फी नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही.

मला या सगळ्यात एआयचं खरं मोल इथे दिसतं. दारं होती, पण त्या दारापाशी काय बोलायचं, कोणते कागद न्यायचे, हे ठाऊक नसल्याने माणूस उंबऱ्यावरूनच परतायचा. तारखांची यादी हातात घेऊन गेलेली बाई पाच मिनिटांत आपलं म्हणणं मांडते, आणि समितीच्या वकिलाचाही वेळ वाचतो. मुलीला सांगा, ‘नोटीस लिही’ म्हणण्याआधी ‘डोंबिवलीत राहणाऱ्या महिलेला यात फुकट मदत कुठे मिळते’ असं यंत्राला विचारावं. उत्तर आलं की त्यातला क्रमांक फिरवून खातरजमा करावी.

एक काळजी मात्र घ्या. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन त्याच्यावर कायद्याने आहे. मोबाईलमधल्या एआयवर तसं बंधन नाही. कराराचा फोटो टाकताना आधार, पॅन, बँक खाते क्रमांक झाका, मालकाचेसुद्धा. हकिगत समजायला त्यांची गरज नसते.

आता तुमच्या नोटिशीचं काय करायचं ते. आदर्श कायद्याचा परिच्छेद, ४२० ची धमकी आणि तो न सापडणारा निकाल काढून टाका. मुंबईच्या जागी कल्याणचं दिवाणी न्यायालय लिहा. रंगकामाबद्दल करारात काय कलम आहे ते शब्दशः उतरवा, आणि मालकाने खर्चाची बिलं द्यावीत अशी मागणी घाला. मसुद्यात हीच महत्त्वाची मागणी राहिली आहे. करार नोंदवलेला आहे का, तेही बघा. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. यंत्राने हे सांगितलं नाही, कारण मुलीने नोंदणीबद्दल काही विचारलं नव्हतं.

पैसे परत करायला पंधरा दिवस द्या. मसुदा ‘रजिस्टर एडीने पाठवा’ म्हणतो, पण २०२५ मध्ये टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा मागून घ्या. पाठवण्याआधी एकदा समितीच्या वकिलांना दाखवा. पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर तोच कागद आणि तीच तारखांची यादी घेऊन त्यांच्याकडेच जा. अनामत परत देय झाल्यापासून दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई नाही, पण विसरूही नका.

आणि नोटिशीवर पत्ता लिहिताना मानपाड्यापुढे ‘डोंबिवली पूर्व’ आणि पिनकोड घाला. ४२१ ने सुरू होणारा तो तुमचा, ४०० ने सुरू होणारा ठाण्याचा.